लुफीला देव करू नका

आधीच सांगून ठेवतो. ‘वन पीस’ वाचायला घेतलं असेल आणि अजून १०४४व्या प्रकरणापर्यंत पोचला नसाल, तर इथूनच मागे फिरा. पुढे सगळं फोडलेलं आहे, नंतर शिव्या घालायच्या नाहीत. ज्यांनी वाचलंच नाही आणि वाचायचा इरादाही नाही त्यांनी मात्र खुशाल यावं. भांडण जपानी वाटत असलं तरी आपल्या घरातलं आहे.

हे प्रकरण आलं मार्च २०२२ मध्ये. जपानात सोमवार उजाडतो तेव्हा हिंगण्यात रविवारचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, म्हणजे ऐन वीकेंड संपताना, उद्याच्या स्टँड-अप मीटिंगचं सावट डोक्यावर असताना नवीन प्रकरण फोनवर येतं. (फुटलेली पानं आधीच वाचून बसणारे आणि वर आम्हाला ‘कळलं का रे’ म्हणून डिवचणारे वेगळे. त्यांच्यावर एक स्वतंत्र लेख होईल, आणि तो छापण्यालायक नसेल.) त्याला आता काही वर्षं झाली, गोष्ट कुठल्या कुठे गेली, पण त्यावरचं भांडण मिटत नाही. उलट २०२३ च्या ऑगस्टमध्ये तोच प्रसंग अ‍ॅनिमेत आला, महिन्याच्या शेवटी नेटफ्लिक्सची मालिका आली, आणि जे कधी मंगाच्या वाटेला गेले नव्हते तेही बाह्या सरसावून मैदानात उतरले.

नवख्यांसाठी थोडक्यात. एइचिरो ओडा नावाचा माणूस जुलै १९९७ पासून ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात ही गोष्ट लिहितोय आणि काढतोय. लुफी नावाचा समुद्रकाठच्या गावातला पोरगा. लहानपणी समोर पेटीत फळ दिसलं ते खाऊन टाकलं, आणि अंग रबराचं झालं. बदल्यात पोहणं कायमचं गेलं. समुद्री चाच्यांचा राजा व्हायचंय आणि पोहता येत नाही! त्या जगात फळं भरपूर आहेत. कुणाला आगीचं, कुणाला विजेचं, कुणाला भूकंपाचं मिळतं. याच्या वाट्याला रबर. खोडरबराचं, स्लिपरच्या तळव्याचं, सायकलच्या ट्यूबचं रबर.

आता १०४४. लुफी काइदो नावाच्या ड्रॅगनकडून हरलेला आहे. नुसता हरलेला नाही, काळीज थांबलेलं आहे. आणि मग ते काळीज ढोलासारखं वाजायला लागतं. तिकडे जगाच्या सरकारचे पाच म्हातारे बंद खोलीत बोलत बसलेत. त्यांच्या बोलण्यातून कळतं की गोमू गोमू हे त्या फळाचं खरं नावच नव्हे. इतिहासातून पुसलं जावं म्हणून सरकारनं ते नाव चिकटवलं. मुळात ते ‘निका’ नावाच्या सूर्यदेवाचं फळ. आठशे वर्षं सरकार त्याच्या मागे आहे आणि ते हाताला लागत नाही, जणू फळच पळतंय, कारण त्या जातीच्या फळांना म्हणे स्वतःची इच्छा असते. इकडे पांढऱ्या केसांचा लुफी पोट धरधरून हसतोय आणि धोब्यानं धोतर आपटावं तसा ड्रॅगनला आपटतोय. याला तो नाव देतो ‘गिअर ५’. प्रकरण खल्लास.

आणि मग सुरू झाली जुंपाजुंपी.

एक गट म्हणतो, ओडानं गद्दारी केली. पंचवीस वर्षं सांगितलं की हा साधा पोरगा आहे, फळही साधं आहे, जे कमावलं ते मार खाऊन कमावलं. आणि आता सांगता की फळ देवाचं होतं? ‘नारुतो’चंही असंच झालं होतं. ज्याला वर्गात सगळे ढ म्हणायचे तो शेवटी कुणाचा तरी पुनर्जन्म निघाला, आणि ढ पोरांचा एक हिरो गेला. या गटाचं दुःख मला पूर्ण समजतं. माझं बालपण रद्दीच्या दुकानातून आणलेल्या ‘चांदोबा’वर गेलं. त्यात धनगराच्या घरी वाढलेला पोर राक्षसाला लोळवायला निघाला की मी हळूच शेवटचं पान उलटून बघायचो, हा धनगरच राहतो का. छे! दंडावरची खूण सापडायची आणि तो हरवलेला राजपुत्र निघायचा. इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ घ्या, तोही एकविसावा वेताळ. गादी बापाकडून आलेली. त्या सगळ्यांच्या मानानं रबराचा लुफी म्हणजे मोकळी हवा होती.

(अर्थात त्याचा आजोबा नौदलात मोठा अधिकारी आणि बाप जगातला नंबर एकचा क्रांतिकारक, हे फार आधीच उघड झालं होतं आणि तेव्हा याच गटानं टाळ्या वाजवल्या होत्या. खानदान चाललं, देव नाही चालला. असो.)

पण माझं आजचं भांडण या गटाशी नाही. ते आहे दुसऱ्या गटाशी, जो १०४४ वाचून खूश झाला. आणि त्यातही आपल्या इकडच्या शाखेशी. माझा एक मित्र आहे, बारा वर्षं डेटाबेस सांभाळतोय, एरवी पुराव्याशिवाय एक क्वेरी चालवत नाही. तो म्हणतो, “अबे, आडनाव मंकी, सूर्याचा देव, हवा तेवढा मोठा होते, हवा तेवढा लहान होते, उडते, हसते. सरळ सरळ हनुमान आहे ना बे! आपलंच उचललं त्याईनं.” मग लगेच फॉरवर्ड फिरतो की जपान्यांनाही शेवटी आपलाच अवतार सापडला. झालं. लुफी आपला. देव आपला. शंभरावर खंड आपले. वाचायची गरज संपली.

मला राग कसला येतो सांगू? अवतार ही जमाखर्चाची युक्ती आहे. एखाद्या माणसानं असं काही करून दाखवलं की ते नाकारता येत नाही, मग त्याला देवाचा अवतार म्हणायचं. सगळी जमा देवाच्या खात्यात, माणसाच्या नावावर शून्य. शिवाजी महाराजांना शंकराचा अवतार म्हटलं की हिशेब ठेवणारे कारकून, वाटा माहीत असणारे नाईक, भाकरी बांधून निघालेले मावळे सगळे बाजूला पडतात. देवानंच केलं म्हटल्यावर त्यात कसली कमाल? शिवाय तुम्हाला-मला सुटीच मिळते. आपण कुठे अवतार आहोत, आपण फक्त जयंती करायची.

आणि हे मी सांगतोय नागपूर जिल्ह्यात बसून. इथून मेट्रोनं थोडं पुढे गेलं की दीक्षाभूमी जवळ. ऑक्टोबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी आठवा. बुद्ध हा विष्णूचा अवतार, हे मी मानणार नाही. बावीसमधली एक अख्खी प्रतिज्ञा एवढ्यासाठी का खर्च केली असेल? कारण त्यांना ही युक्ती पुरती ठाऊक होती. ज्याला हरवता येत नाही त्याला पोटात घ्यायचं, आपल्या यादीत नववा क्रमांक द्यायचा, की मग त्याचं म्हणणं वेगळं काही उरतच नाही. ज्या गावात या गोष्टीवर इतका मोठा निकाल लागलाय, तिथल्या पोरांनी एका कॉमिकमधल्या हिरोला अवतार करून टाकावं आणि वर अभिमान बाळगावा, हे मला बघवत नाही.

मुळात निकाला समजून घ्यायला हनुमान लागतच नाही. आपल्याकडे त्याहून जवळचा माणूस आहे: बळीराजा.

बघा हं. निका कोण, हे १०४४ मध्ये कळत नाही. त्याच्या आधी २०२१ मध्ये, १०१८व्या प्रकरणात एक माजी कैदी सांगतो. जुन्या काळी गुलामांचा एक योद्धा होता, तो येईल, आपल्याला हसवेल, सोडवेल असं गुलाम एकमेकांना सांगत. सरकारला ते नावच नकोसं. आता आपल्या घरी या. पाताळात ढकललेला राजा, आणि दर दिवाळीला त्याचं राज्य परत येवो म्हणून त्याची वाट पाहणारी आईबहीण. ग्रंथ लिहिले वामनाच्या बाजूच्यांनी, पण ओवाळताना नाव निघतं बळीचं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती याच धाग्यावर. विष्णूचे अवतार म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या स्वाऱ्या आणि बळी आपला राजा, अशी ती उलटी मांडणी आहे. आणि ते पुस्तक अर्पण कुणाला? गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. ओडानं फुले वाचलेत असा माझा दावा अजिबात नाही, तसला दावा करणाऱ्या मित्रावरच तर हा लेख चाललाय. :) पण दबलेली माणसं आपल्या सोडवणाऱ्याची आठवण कशी जपतात, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं. अवतार वरून खाली येतो. बळी खालीच आहे, आणि त्याला खाली ढकलणारा पाय अवताराचा आहे. निका या दुसऱ्या बाजूचा.

आता परत त्या पाच म्हाताऱ्यांच्या खोलीत जाऊ, कारण सगळा घोळ तिथे आहे. फळाचं नाव, त्याचा दर्जा, त्याची इच्छा, ही सगळी माहिती आपल्याला कोण देतंय? सरकार. तेच सरकार ज्यानं रॉजरच्या नावातला ‘डी’ गायब व्हावा म्हणून गोल डी. रॉजरचा ‘गोल्ड रॉजर’ करून टाकला. आमच्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या कोडबेसमध्ये शोधा-आणि-बदला मारलं आणि बदलाची नोंदही पुसली. आणि अशा लोकांच्या कॉमेंटवर विश्वास ठेवून वाचक ठरवतायत की लुफी ‘खरा कोण’! कॉमेंट खोटं बोलू शकते, राजे हो. कोड बघा. कोडमध्ये काय आहे? त्याच प्रकरणात तेच म्हातारे म्हणतात की त्या अंगाला रबराचेच गुण आहेत आणि मर्यादा फक्त कल्पनेची. म्हणजे पंचवीस वर्षं त्यानं जे ताणलं, फुगवलं, नसांतून रक्त जोरात पळवून ‘गिअर २’ काढला, ते सगळं जागेवर आहे. ते कुठलं फळ सांगायला आलं नव्हतं. ते त्याच्या डोक्यातून निघालं.

हे मी एवढं ताणून धरतो त्याला कारण आहे. आमच्या गल्लीतला एक मुलगा रविवारी माझ्याकडे जावा शिकायला येतो. वडील एमआयडीसीत शिफ्टवर, हा डिप्लोमाला. ‘वन पीस’ मीच लावलं त्याला. १०४४ला पोचला तेव्हा मला वाटलं नाचत येईल. तो आला आणि म्हणाला, “दादा, म्हणजे ते त्याच्यात पहिलेपासूनच होतं ना? आपण फालतूच समजून राहिलो होतो का मेहनतीनं झालं म्हणून.” आणि वही उघडून लूप लिहायला बसला. मला दोन मिनिटं काही सुचलं नाही.

कारण हे वाक्य त्याला कॉमिकनं शिकवलेलं नाही. ते त्याला सगळीकडून ऐकू येतं. ‘रक्तातच असावं लागतं.’ ‘देवाची देणगी आहे.’ माझ्या स्वतःच्या एका मुलाखतीत समोरच्या साहेबांनी नाव विचारलं, सांगितलं, मग म्हणाले पूर्ण नाव, सांगितलं, मग म्हणाले, “नाही, म्हणजे मूळचे कुठले?” अल्गोरिदमवर एकच प्रश्न आला, आडनावावर तीन. ‘डी’ असला-नसलेला शोधणारी माणसं मंगातच असतात असं नाही. तेव्हा त्या मुलाला मी जे दाखवलं ते इथे लिहितो.

स्कायपिया आठव. ढगांवरचं बेट, आणि तिथे एनेल नावाचा इसम स्वतःला देव म्हणवून बसलेला. त्याच्याकडे वीज. मनात आलं की बोट दाखवायचं आणि माणूस जाळायचा. लोक कुजबुजायलाही घाबरतात. त्याच्यासमोर लुफी येतो, एनेल कोटी कोटी व्होल्ट सोडतो, आणि काहीच होत नाही. रबर! विजेचा दुर्वाहक! सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला धडा! एनेलचा जबडा जो पडतो, डोळे जे बाहेर येतात, ते चित्र बघून जगभरचे वाचक आजही हसतात. देवपण हे घाबरलेल्यांच्या जिवावर चालतं आणि साधं रबर ते मोडू शकतं, एवढं त्या एका चौकटीत आहे. १०४४ मध्ये काइदोचे डोळे तसेच बाहेर येतात, हे पाहिलंस का? ओडा विसरलेला नाही. आता तू जर म्हणालास की ते रबर देवाचंच होतं, तर ती चौकट मेली. देवानं देवाला हरवलं, त्यात आपलं काय गेलं?

आणि मत्स्यमानवांच्या बेटावर जिन्बे त्याला ‘तू आमचा हिरो हो’ म्हणतो, तेव्हा याचं उत्तर काय? नको. हिरो म्हणजे जो आपलं मांस दुसऱ्यांना वाटतो, मला मांस स्वतः खायचंय. लोकांनी चढवलेलं देवपण इतक्या स्वच्छपणे नाकारलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. रॉबिनसाठी जगाच्या सरकारचा झेंडा त्यानं जाळायला लावला तेव्हा कुठला ढोल वाजत होता? काही नाही. मैत्रीण रडत होती, एवढंच.

मात्र ओडालाही एका वाक्याची माफी नाही. ते ‘फळाला इच्छा असते’. बाकी सगळं म्हाताऱ्यांच्या तोंडचं म्हणून सोडून देतो, पण हे वाक्य लिहायची गरज नव्हती. पहिल्या प्रकरणात पोरानं भूक लागली म्हणून फळ खाल्लं होतं. खादाडपणा! त्यातच सगळी मजा. आता मागे वळून बघितलं की त्या पेटीतलं फळच त्याची वाट बघत बसलेलं दिसतं. फळानं निवडलं म्हटलं की पोराचं खाणंही त्याचं राहिलं नाही. गद्दारी म्हणणाऱ्या गटाची तक्रार इथे शंभर टक्के बरोबर आहे, आणि ‘ओडाचं सगळं आधीच ठरलेलं होतं, बघा स्कायपियातल्या शेकोटीचं चित्र’ असं म्हणून तिला गप्प करता येत नाही. आधीच ठरवलेली चूक ही चूकच असते. आमच्याकडे तिला डिझाइन डॉक्युमेंट म्हणतात.

पण मग ओडानं स्वतःच याला उत्तर दिलं, दोन वर्षांनी, आणि हे आनंदानं लिहितो. कुमाची गोष्ट आली. गुलामीत वाढलेला पोर, त्याचा बाप त्याला निकाच्या ढोलाचा ठेका धरून नाचून दाखवतो, आणि त्या ठेक्यापायी मालकाच्या गोळीला बळी पडतो. तो ठेका पोरगा जन्मभर जपतो आणि आपल्या मुलीला देतो, बोनीला. फळ कुठेच नाही, रक्त नाही, खूण नाही. बापानं पोराला, पोरानं पोरीला सांगितलेली गोष्ट आहे, बळीसारखीच. आणि १११८व्या प्रकरणात, २०२४ मध्ये, ही बोनी निका होते! तिचं फळ वेगळंच आहे, वय कमीजास्त करण्याचं. जे भविष्य ती मनात आणू शकते तशी ती होऊ शकते. तिचं मन मोडायला पाच म्हाताऱ्यांपैकीच एक आलेला असतो, आणि त्याचं नाव सॅटर्न, म्हणजे चक्क शनी. साडेसाती म्हणतात ती हीच. तरी ती जगातलं सगळ्यात मोकळं भविष्य मनात आणते आणि पांढऱ्या केसांनी हसत लुफीच्या शेजारी उभी राहते. सरकारच्या फायलीतलं ‘निकाचं फळ एकच’ हे वाक्य तिथेच फाटलं.

बाकी जगानंही ते तसंच वाचलेलं दिसतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियात घराघरांवर, ट्रकांवर लुफीचा गवती टोपीवाला झेंडा लागला, नेत्यांनी नाकं मुरडली तरी लागला. सप्टेंबरमध्ये काठमांडूत सिंहदरबारच्या फाटकावर लटकला. त्या पोरांची बाजू बरोबर की चूक, तिथे जे जळलं ते जळायला हवं होतं का, हा वाद वेगळा आणि मोठा आहे. पण झेंडा उचलताना त्यांनी कुणाला विचारलं नाही की फळ कुणी खाल्लं होतं.

गल्लीतला मुलगा १११८पर्यंत पोचलाय. त्यानं काही भाष्य केलं नाही, बोनीचं ते पान फोनचा वॉलपेपर केलंय. लूप अजूनही एकनं चुकतो.

डेटाबेसवाल्या मित्राला हा लेख आधीच वाचायला पाठवला होता. बळीराजाचं पटलं म्हणाला. बोनीचंही पटलं. मग अर्ध्या तासानं पुन्हा त्याचा मेसेज आला: “म्हणजे बोनी ही अंजनी का बे?”